‘जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या’ : भालकीच्या बोलण्यातले एक क्रियापद

कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातील भालकीहून उदगीरकडे किंवा बिदरकडे जाणाऱ्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकायचे असते तेव्हा ऐकू येणारे वाक्य ठरलेले आहे. विचारणारा मराठी असेल तर ‘जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या’ म्हणतो, कन्नड असेल तर ‘जरा अडजस्ट माडकोरी’ म्हणतो, आणि घरी दखनी उर्दू बोलणारा असेल तर ‘जरा अडजस्ट कर लो’ म्हणतो. मराठी आणि उर्दू आर्यभाषा, कन्नड द्राविडी. ही दोन भाषाकुळे एकमेकांपासून दूरची. तरीही ही तीन वाक्ये शेजारी मांडली तर शब्दाखाली शब्द बसतो. त्यातला ‘जरा’ अरबीतून फारसीमार्गे आलेला आणि ‘अ‍ॅडजस्ट’ इंग्रजीतून. असे वाक्य कानी पडले की भाषेबद्दल जिव्हाळा असणाऱ्या माणसाची पहिली प्रतिक्रिया खेदाची असते: साध्या बसण्या-सरकण्याच्या बोलण्यातही आपल्याला इंग्रजी क्रियापद लागावे ना! हा खेद मला समजतो, पण त्याचे निदान चुकते असे माझे म्हणणे आहे. या वाक्यात इंग्रजी क्रियापद नाहीच. इंग्रजीचा एक शब्द आहे. क्रियापद आहे ते आपले, वाक्याची घडण या मातीतली, आणि अर्थ तर इंग्रजीला माहीत नसलेला. तो अर्थ काय, तो कसा घडला आणि त्याचे ओझे कोणावर पडते, हे पाहायचे तर भालकीसारखी जागा शोधून सापडणार नाही.

आधी इंग्रजीतला शब्द पाहू. त्याच्या मुळाशी ‘जवळ’ या अर्थाचे लॅटिन पद आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ जवळ आणणे, जोडणे असा होता. पुढे ‘योग्य’, ‘न्याय्य’ या अर्थाच्या सारख्या दिसणाऱ्या लॅटिन शब्दाशी त्याची सांगड घातली गेली आणि ‘नीट बसवणे, योग्य मापाला आणणे’ हा अर्थ पक्का झाला. आजच्या इंग्रजीत हे क्रियापद प्रामुख्याने वस्तूंवर चालते. घड्याळाचे काटे, मोटारीचा आरसा, खुर्चीची उंची, चष्म्याची काडी, हिशेबातली रक्कम या गोष्टी अ‍ॅडजस्ट करायच्या. विम्याच्या व्यवहारात नुकसानीचा दावा किती रुपयांचा धरायचा हे ठरवणाऱ्या माणसाला याच क्रियापदावरून नाव मिळाले आहे. माणसाबद्दल वापरायचे झाले तर माणूस कशाशी तरी अ‍ॅडजस्ट होतो: नव्या गावाशी, थंडीशी, अंधाराशी. म्हणजे इंग्रजीत एक तर काय बदलायचे ते सांगावे लागते किंवा कशाशी जुळायचे ते संदर्भात तरी असावे लागते. अनोळखी सहप्रवाशाला नुसते ‘प्लीज अ‍ॅडजस्ट’ म्हटले तर लंडनचा माणूस पुढच्या शब्दाची वाट पाहत राहील. त्याच्या भाषेत त्या ठिकाणी ‘थोडे सरका’, ‘जागा करा’ अशा अर्थाचे वेगळेच शब्दप्रयोग आहेत. भारतीय माणूस इंग्रजीत बोलतानाही सर्रास ‘प्लीज अ‍ॅडजस्ट’ म्हणतो, तेव्हा तो आपल्या भाषेतले वाक्य इंग्रजीला परत देत असतो.

मराठीत या शब्दाचे काय झाले, हे पाहायला शब्दकोशापेक्षा व्याकरण अधिक उपयोगी पडते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालते. ‘त्याने खुर्ची अ‍ॅडजस्ट केली’, ‘दुकानदाराने आगाऊ रक्कम पुढच्या बिलात अ‍ॅडजस्ट केली’, ‘मुनिमाने हिशेब अ‍ॅडजस्ट केला’. इथवर अर्थ इंग्रजीचाच आहे. पण ‘आम्ही अ‍ॅडजस्ट केलं’ म्हटले की क्रियापद नपुंसकलिंगी होते. काय अ‍ॅडजस्ट केलं? त्या वाक्यात कर्म नाही आणि ते विचारायची गरजही कोणाला वाटत नाही. खुर्ची नाही, रक्कम नाही, काटा नाही. बोलणाऱ्याने स्वतःची सोय थोडी कमी करून घेतली, एवढेच. कर्म गळून पडले तिथे नवा अर्थ जन्माला आला. हे नपुंसकलिंगी ‘केलं’ म्हणजे त्या जन्माची नोंदच समजावी. इंग्रजीत वस्तूला मापात आणणारे पद मराठीत माणसाने पत्करलेल्या गैरसोयीचे नाव झाले.

एवढ्यावर ते थांबले नाही. ‘मी पुण्यात अ‍ॅडजस्ट झालो’ आणि ‘मी पुण्यात अ‍ॅडजस्ट केलं’ यांत मराठी माणसाला स्वच्छ फरक कळतो. पहिल्यात माणूस बदलला आणि आता त्याला तिथे बरे वाटते. दुसऱ्यात बरे वाटले नाही, पण निभावून नेले. ‘अ‍ॅडजस्ट करून घेतलं’ म्हटले की गैरसोय आपणहून अंगावर घेतल्याची छटा येते. ‘कंडक्टरने एक सीट अ‍ॅडजस्ट करून दिली’ म्हटले की दुसऱ्याची नड भागवल्याची. होणे, करणे, करून घेणे, करून देणे अशा चार जागी ठेवून मराठीने एका शब्दाचे चार अर्थ केले. इंग्रजीत हे फरक करायला चार वेगळी वाक्ये रचावी लागतील. भालकीकडची मराठी उदगीर-लातूरकडच्या बोलीच्या वळणाची. तिथे ‘आम्ही अ‍ॅडजस्ट करायलोत की’ असे कोणी म्हणाले तर त्या ‘करायलोत’मध्ये काळ, माणूस आणि चालू असलेली धडपड हे सगळे आले. अ‍ॅडजस्ट हा शब्द त्यात जसाच्या तसा उभा आहे. त्याला ना काळ, ना लिंग, ना वचन. काम सारे करणे करते आहे.

करणे या क्रियापदाची ही कामगिरी इंग्रजांच्या काळातली नव्हे. मंजूर करणे, रद्द करणे, दाखल करणे, वसूल करणे, माफ करणे, कबूल करणे, हजर करणे, जमा करणे, सुरू करणे – यांतला एकही पहिला शब्द मूळ मराठी नाही. ते अरबी-फारसीतून आले आणि याच मार्गाने आले. क्वचित एखादा शब्द थेट क्रियापद होऊन गेला, जसे बदलणे, फर्मावणे; पण राजमार्ग करणे-होणेचाच. कन्नडनेही तेच केले: मंजूरु माडु, रद्दु माडु, दाखलु माडु, वसूलि माडु. भालकीच्या परिसरात हे शब्द विशेष खोल रुजले, कारण हा मुलूख ब्रिटिशांच्या थेट अमलाखाली कधी नव्हता. हैदराबाद संस्थानात कचेरीची भाषा आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू होती. 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई. सोलापूरच्या कोर्टात इंग्रजी शब्द ये-जा करू लागले होते, तेव्हा भालकीच्या तहसिलीत अर्ज ‘दाखल’ होत होता आणि ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ होत होता. म्हणून अ‍ॅडजस्ट आला तेव्हा त्याच्यासाठी तिन्ही भाषांत जागा शतकानुशतके तयारच होती. संस्कृतातून आलेल्या प्रार्थना करणे, विचार करणे यांची गोष्टही निराळी नाही. परका शब्द नामासारखा उचलायचा आणि त्याला आपल्या क्रियापदाच्या हाती सोपवायचे, ही आपल्या भाषांची जुनी आणि फार समर्थ रीत आहे.

तिन्ही वाक्यांच्या शेवटाकडे आता नीट पाहायला हवे. मराठीत ‘करून घ्या’: करून हे धातुसाधित आणि पुढे घेणे. कन्नडमध्ये ‘माडकोरी’: माडि म्हणजे करून, आणि पुढे कोळ्ळु, या क्रियापदाचा स्वतंत्र अर्थ घेणे, विकत घेणे. शेवटचा ‘री’ हा उत्तर कर्नाटकात आदराने बोलताना लावतात तो. उर्दूत ‘कर लो’: कर आणि लेना. तिन्ही भाषांत ‘घेणे’ हे क्रियापद आपला मूळ अर्थ बाजूला ठेवून ‘स्वतःपुरते, स्वतःवर, स्वतःसाठी’ अशी छटा देते. करून देणे याचेही तसेच: कन्नडमध्ये ‘माडिकोट्टरु’ म्हणजे करून दिले, आणि त्यातला कोडु म्हणजे देणे. एका भाषेने दुसरीचा शब्द उसना घेणे ही रोजची गोष्ट आहे. पण क्रियेनंतर घेणे-देणे लावून क्रियेचा रोख कोणाकडे आहे हे दाखवायचे, ही विचार मांडण्याची पद्धतच भाषांमध्ये समान असणे ही फार मोठी गोष्ट आहे. ती एका पिढीत होत नाही. त्यासाठी माणसांनी शतके एकमेकांच्या शेजारी राहावे लागते.

भाषाशास्त्रात या प्रश्नाला दोन महत्त्वाचे टप्पे आहेत आणि दोन्ही आपल्या प्रदेशाशी जोडलेले आहेत. 1956 मध्ये एमेनो या अभ्यासकाने भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असा निबंध लिहिला. वंशाने वेगळ्या असलेल्या भाषांमध्ये सहवासामुळे समान लक्षणे येतात, हे त्याने भारतीय भाषांच्या आधारे मांडले. योगायोग असा की त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला भाषावार राज्यरचना अमलात आली आणि वेगवेगळ्या भाषांच्या सीमा नकाशावर आखल्या गेल्या. दुसरा टप्पा 1971 चा. गम्पर्झ आणि विल्सन या दोघांनी सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू अशा भाषा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत होत्या. घरची भाषा जो तो सांभाळून होता, पण गावातल्या व्यवहारात भाषा बदलत बदलत या भाषांची व्याकरणे इतकी जवळ आली होती की एका भाषेतल्या वाक्याचे दुसऱ्या भाषेत घटकाला घटक असे रूपांतर व्हावे. पाला कापून घेऊन आलो, अशा अर्थाचे एक साधे वाक्य त्यांनी कन्नड, मराठी आणि उर्दू या तिन्ही भाषांत दिले आहे. त्यात कापून, घेऊन आणि आलो हे तुकडे त्याच क्रमाने येतात, आणि ‘जरा’ तर तिन्हींत जसाच्या तसा आहे. शब्द वेगळे, सांगाडा एक. भालकीचा असा अभ्यास समोर ठेवून मी बोलत नाही. पण ‘जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या’चे तिन्ही अवतार पाहिले की कुपवाडमध्ये दिसलेला सांगाडाच इथेही दिसतो, आणि त्या सांगाड्यात इंग्रजी शब्द ठेवला की तो तिन्ही भाषांत एकाच दिवशी वापरता येतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हे भालकीचे कसले वैशिष्ट्य? बंगळुरूचे ‘स्वल्प अडजस्ट माडि’ सगळ्या देशाला माहीत आहे, तमिळमध्ये ‘अडजस्ट पण्णुंग’ म्हणतात, तेलुगूत ‘अडजस्ट चेय्यंडि’ आणि हिंदीत ‘थोडा अ‍ॅडजस्ट करो’. हे खरेच आहे. भालकीने हा शब्द शोधला असा दावा कोणी करू नये. पण इतर ठिकाणी या वाक्यांचे नाते कागदावर मांडून दाखवावे लागते. भालकीत ते एकाच बाकावर ऐकू येते. शिवाय इतरत्र या शब्दाची लोकप्रियता समजावताना ‘शहरी माणसाला इंग्रजीची हौस’ असे सोपे उत्तर देता येते. भालकीसारख्या तूर आणि उसाच्या तालुक्यातल्या आठवडी बाजारातही तो सहज चालतो तेव्हा ते उत्तर तोकडे पडते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: मराठीत शब्द नव्हते का? होते, भरपूर होते. जुळवून घेणे, सांभाळून घेणे, चालवून घेणे, सामावून घेणे, भागवणे, निभावणे, तडजोड करणे. पण हे शब्द एकमेकांऐवजी वापरून पाहावेत. तडजोड करायला आधी वाद लागतो. बाकावर बसलेल्या तिघांशी चौथ्याचा वाद नसतो. सांभाळून घ्या म्हणणारा आपल्याकडून चूक झाली किंवा होईल असे कबूल करतो. चालवून घ्या हे वस्तू कमअस्सल असली की म्हणायचे: साखर संपली आहे, गुळाच्या चहावर चालवून घ्या. सामावून घ्या म्हणणे गाडीतल्या जागेसाठी फार मोठे होते. सरकून घ्या यात फक्त शरीर आहे, आणि अनोळखी माणसाला, त्यातून बाईमाणसाला, सरका म्हणणे थोडे रोखठोक वाटते. जुळवून घ्या हा सर्वांत जवळचा. पण त्यात कायमचे जुळणे आहे, आणि गाडीतली गरज पुढच्या स्टेशनापर्यंतची असते. या सगळ्या शब्दांमध्ये एक जागा रिकामी होती: गैरसोय होणार आहे, ती थोडी आहे, थोड्या वेळाची आहे, तुमची चूक नाही आणि माझीही नाही, आणि कोणी किती सोसायचे ते आपण ठरवू, असे एका दमात म्हणणारी. अ‍ॅडजस्ट त्या जागी बसला. इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कन्नडमध्ये या अर्थाला जवळचा देशी शब्द आहे ‘होंदिकोळ्ळु’, उर्दूत ‘निभा लेना’, मराठीत ‘जुळवून घेणे’. तिन्हींच्या शेवटी पुन्हा घेणेच आहे. इंग्रजी शब्द आला तोही याच घेण्याच्या आधाराने उभा राहिला.

भालकीच्या बाबतीत आणखी एक कारण मला महत्त्वाचे वाटते, ते इतिहासाचे. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला: हे तालुके मुंबई राज्यात, बिदर-भालकीचा भाग म्हैसूर राज्यात, आणि जहिराबाद-नारायणखेडकडचा भाग आंध्रात. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी ही नावे तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी महाराष्ट्रात सामील होण्याच्या मागणीची नावे झाली, आणि महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमादावा त्याच मागणीतून आला. दुसऱ्या बाजूचा इतिहासही तितकाच मनापासूनचा आहे. भालकीच्या हिरेमठ संस्थानाचे चन्नबसव पट्टद्देवरु यांनी निजामाच्या काळात शाळेबाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवले, ही आठवण तिथली कन्नड माणसे अभिमानाने सांगतात. मराठीने सोसले, कन्नडने सोसले, आणि उर्दू तर राजभाषेच्या गादीवरून उतरून अल्पसंख्याकांची भाषा झाली. अशा गावात अनोळखी माणसाशी कोणत्या भाषेत बोलायला सुरुवात करायची हा निर्णय अगदीच निष्पाप राहत नाही. समोरचा कोण आहे याचा अंदाज बांधावा लागतो, आणि अंदाज चुकला तर किंचित अवघडलेपण येते. अशा वेळी विनंतीचा गाभा ज्या शब्दात आहे तो शब्द तिघांपैकी कोणाचाच नसणे सोयीचे ठरते. पुढचे करा, माडी, करो हे ज्याचे त्याचे. मधला शब्द सगळ्यांना कळणारा.

यावर कोणी म्हणेल की इंग्रजीही तटस्थ नाही. ती सत्तेची, पैशाची, शिकलेल्यांची भाषा आहे. हे मान्य करायला हवे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घालण्यासाठी सीमाभागातले पालक जी ओढाताण करतात, तिच्यामागे ही सत्ताच आहे, आणि मराठी शाळांच्या भवितव्याची काळजी करणाऱ्यांची काळजी खरी आहे. पण अ‍ॅडजस्टला ती फिर्याद लागू होत नाही. इंग्रजीतून बढाई मारायची असेल तर त्यासाठी इंग्रजी कळावी लागते. अ‍ॅडजस्ट वापरणाऱ्या बहुतेकांना इंग्रजी येत असण्याची गरज नाही, आणि इंग्रजी येणाऱ्याला या वाक्याचा अर्थ केवळ इंग्रजीच्या बळावर लागणार नाही. मराठी शाळेचा पट कमी होणे आणि मराठी वाक्यात एखादा इंग्रजी शब्द येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी लढायला हवे. दुसरीवर राग काढण्यात जो वेळ आणि त्वेष खर्च होतो, तो पहिलीच्या वाट्याचा असतो.

शुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी या शब्दाला दिलेला पर्याय पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्राच्या शिक्षण खात्यात पटसंख्या कमी झालेल्या शाळेतले शिक्षक अतिरिक्त ठरले की त्यांचे दुसऱ्या शाळेत ‘समायोजन करतात’. हा शब्द संस्कृत आहे, भारदस्त आहे, शासन निर्णयात शोभतो. पण वाक्य कोणते झाले? समायोजन करणे. अ‍ॅडजस्ट काढला आणि त्याच खोबणीत समायोजन बसवला. करणे जागचे हललेही नाही. शिवाय या पर्यायात एक गोष्ट हरवली. समायोजन वरून होते. खाते शिक्षकाचे समायोजन करते, शिक्षक स्वतः समायोजन करून घेत नाही. बोलीतल्या अ‍ॅडजस्टने माणसाला कर्ता केले होते. कागदावरच्या पर्यायाने त्याला पुन्हा कर्म केले. कोणता शब्द मराठीच्या स्वभावाला अधिक जवळचा, हे नुसते त्याचे मूळ पाहून ठरवता येत नाही, ते यावरून दिसते.

तरीही या शब्दाची दुसरी बाजू आहे आणि ती लहान नाही. एक नुकसान भाषेचे. अ‍ॅडजस्ट इतका सोयीचा आहे की तो शेजारच्या शब्दांची जागा खातो. गुळाच्या चहावर आता ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतात, चूक पोटात घालायलाही ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणतात, आणि चालवून घेणे, सांभाळून घेणे यांतली नाजूक वाटणी पुसट होते. शब्द उसना घेतल्याने भाषा गरीब होत नाही. पण एका शब्दावर पाच शब्दांचे काम टाकले आणि ते पाच वापरातून गेले तर ती गरीब होते. इथे शिक्षक, लेखक, वर्तमानपत्रे यांना करण्यासारखे काम आहे: अ‍ॅडजस्टला हाकलण्याचे नव्हे, इतरांना वापरात ठेवण्याचे.

दुसरे नुकसान माणसाचे, आणि मला ते अधिक जाचते. ज्या व्याकरणाने या शब्दाला गाडीत सौम्य केले, तेच व्याकरण घरात त्याला कठोर करते. कर्म सांगायचे नाही, मर्यादा सांगायची नाही, मुदत सांगायची नाही. नुसते ‘अ‍ॅडजस्ट करून घे’. गाडीत मुदत पुढच्या स्टेशनाची असते आणि ती दोघांनाही माहीत असते. लग्न होऊन आलेल्या मुलीला हेच वाक्य सांगितले जाते तेव्हा मुदत आयुष्यभराची असते. काय सोसायचे ते वाक्यात नसल्यामुळे त्यात काहीही बसते: स्वयंपाकघरातली सवय, नोकरी सोडणे, हुंड्यावरून बोलणी, प्रसंगी मारहाणसुद्धा. ‘मारहाण सहन कर’ असे तोंडावर सांगताना सांगणाऱ्याची जीभ अडखळेल. ‘अ‍ॅडजस्ट करून घे’ म्हणताना अडखळत नाही. शिवाय त्यातल्या ‘घे’मुळे जबाबदारी तिचीच होते, जणू ती हे स्वतःसाठीच करते आहे. मराठीत, कन्नडमध्ये, उर्दूत हे वाक्य मुलींना सारख्याच शब्दांत ऐकावे लागते. व्याकरण जवळ आले त्याबरोबर हा अन्यायही तिन्ही घरांत सारखाच बोलला जातो. कोणी म्हणेल, दोष शब्दाचा नाही, समाजाचा आहे. पूर्वी ‘जुळवून घे’ म्हणत, आता ‘अ‍ॅडजस्ट कर’. हे बरोबर आहे. पण ‘जुळवून घे’ला लोकांनी इतक्या वर्षांत ओळखले होते, त्याला उत्तर द्यायला मुली शिकल्या होत्या. नवा शब्द आधुनिक, समजूतदार वाटतो म्हणून त्याला नकार देणे काही काळ अवघड जाते.

कर्म न सांगण्याचा हा गुण राजकारणातही दिसतो. कर्नाटकात ‘अडजस्टमेंट राजकारण’ हा शब्दप्रयोग रुळलेला आहे: जाहीर सभेत विरोधक असलेल्या पुढाऱ्यांनी आतून एकमेकांना सोयीचे वागणे. तिथेही कोणी काय दिले आणि काय घेतले ते सांगितले जात नाही. न सांगणे हाच त्या व्यवहाराचा पाया. मात्र राजकारणात हा शब्द आरोपासारखा वापरतात. ऐकणाऱ्याला त्यातले झाकलेले कर्म दिसते आणि तो ते विचारतो. घरात ते विचारले जात नाही, एवढाच फरक.

म्हणून या शब्दाची पारख करताना तो कुठून आला यापेक्षा त्याच्यापुढे कोणते क्रियापद आणि कोणता पुरुष येतो हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. मराठीला यासाठी एक साधन आहे, जे प्रमाण हिंदी-उर्दूत नाही: आम्ही आणि आपण. ‘आम्ही अ‍ॅडजस्ट करू’ म्हणणारा समोरच्याला वगळून स्वतः गैरसोय घेतो. ‘आपण अ‍ॅडजस्ट करू’ म्हणणारा समोरच्याला धरून बोलतो, दोघांनी थोडे थोडे सोसायचे. ‘तू अ‍ॅडजस्ट करून घे’ म्हणणारा स्वतःला वगळतो. शब्द तिन्हींत तोच आहे. भालकीच्या गाडीत चौथा माणूस ‘जरा अ‍ॅडजस्ट करून घ्या’ म्हणतो तेव्हा वाक्य ‘तुम्ही’चे असते, पण तो स्वतःही बाकाच्या कडेवर अर्धवट टेकून प्रवास करणार असतो, हे बाकीच्या तिघांना दिसत असते. म्हणून त्यांच्या कानांवर ते ‘आपण’चे वाक्य होऊन पडते आणि ते सरकतात. सासरच्या घरात तेच वाक्य उच्चारणारा कडेवर टेकलेला असतो की मधोमध ऐसपैस बसलेला, हे त्या मुलीने आणि तिच्या आईबापांनी विचारावे. व्याकरणाने तो प्रश्न कर्म न सांगता मोकळा सोडलेला आहे.